विश्लेषण : संसार मोडताना कोर्टाआधी मोफत मध्यस्थी… गडचिरोली-चंद्रपूरमध्ये ती का महत्त्वाची?

भामरागड किंवा सिरोंचाहून गडचिरोलीला एका तारखेसाठी जायचे म्हणजे प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि अनेकदा मुक्काम. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. पोटगी, मुलांचा ताबा अशा वादांत सरकारी खर्चाने होणारी मध्यस्थी त्यामुळे इथे अधिक मोलाची ठरते.

मोफत कोणाला?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. खटला दाखल झालेला नसला तरी चालते. मदतवाहिनी क्रमांक १५१०० आहे.

मध्यस्थ निकाल देतो का?

नाही. तो दोघांना बोलते करतो, निर्णय दोघांचाच. चर्चा गोपनीय राहते. तडजोड फिसकटली, तरी कोर्टाचा मार्ग खुला असतो.

गावबैठकीपेक्षा वेगळे काय?

हिंदू विवाह कायदा, १९५५ चे कलम २(२) अनुसूचित जमातींना, केंद्राची वेगळी अधिसूचना नसल्यास, वगळते. गोंड, माडिया समाजात लग्न आणि काडीमोड परंपरेनुसार होतात. मात्र बैठकीत तोंडी ठरलेली रक्कम पुढे थांबली, तर वसुली अवघड होते. तीच तडजोड लेखी होऊन लोक अदालतीत नोंदली गेली, तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि तिच्यावर अपील नसते. घटस्फोट मात्र लोक अदालत देत नाही.

सावध कुठे राहायचे?

मारहाण आणि धाक असेल तिथे समोरासमोरची बोलणी बरोबरीची राहत नाहीत. अशा महिलेला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली संरक्षण मागता येते. ‘नांदायला जा’ असा दबाव म्हणजे मध्यस्थी नव्हे. तिला नकार देण्याचा पूर्ण हक्क आहे.

सहीपूर्वी काय पाहावे?

अपील नसल्याने सहीआधीची तपासणी महत्त्वाची. रक्कम किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात. मुले कोणाकडे राहणार, दुसऱ्याने कधी भेटायचे. हप्ता चुकला तर काय, हे कागदावर हवे. मराठी नीट समजत नसेल, तर मजकूर गोंडी, माडिया किंवा तेलुगूत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.