अंतिम न्याय आणि सदसद्विवेक

विलेपार्ल्याच्या गावठाणातील ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबांपासून केडगावच्या प्रोटेस्टंट मुक्ती मिशनपर्यंत पंथ बदलतात, तरी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय सर्वांना समान आहे. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा आणि आजाऱ्याची शुश्रूषा, याच कसोटीवर ख्रिस्त अखेरीस प्रत्येकाला पारखील, म्हणजेच अंतिम न्याय करील, अशी त्यातील शिकवण आहे. या न्यायाची चाहूल माणसाला हयातीतच देणारी सदसद्विवेकबुद्धी, अर्थात बरे-वाईट निवडणारी अंतरीची जाणीव, मात्र केवळ धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेने घडत नाही.

याचे मराठीतील सर्वांत ठसठशीत उदाहरण याच मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंचे मानावे लागेल. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलसंस्कार, घेतल्यानंतरही, न पटलेली मते केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारण्यास त्यांनी आपल्या मार्गदर्शक अँग्लिकन जोगीण सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रांत ठाम नकार दिला. दीक्षा देणाऱ्यांशीच असा वाद घालण्याचे हे धैर्य त्यांच्या सेवाकार्याइतकेच मोलाचे आहे. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुलींना केडगावला आणले, त्यांना अन्न-वस्त्र दिले आणि शिक्षणाबरोबर हातचा धंदाही दिला. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तेथीलच छापखान्यात, मिशनमधील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले.