विश्लेषण : वीज गेली तरी न विसरणारी संगणकाची मेमरी कशी होती?

शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या सेवा केंद्रात दाखल्याचा ऑनलाइन अर्ज भरला जात असताना वीज गेली आणि संगणकाला बॅटरीचा आधार नसला, तर ‘सेव्ह’ न केलेली माहिती पुसली जाते. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या अनेक संगणकांची मेमरी मात्र वीज गेल्यावरही माहिती धरून ठेवत असे. असा एक संगणक मुंबईत तयार झाला होता.

तो संगणक कोणता?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजेच ‘टीआयएफआर’मध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र बनले. ते १९५६ मध्ये सुरू झाले. पूर्ण आकाराचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १९६५ पर्यंत तो वापरात होता.

त्याची मेमरी कशी चालत असे?

फेराईट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असत. कडीचे चुंबकत्व एका दिशेला असेल तर ‘१’, उलट दिशेला असेल तर ‘०’. कडीतून जाणाऱ्या उभ्या आणि आडव्या तारेत निम्मा-निम्मा प्रवाह सोडला, की दोन्ही तारा जिथे भेटतात तेवढीच कडी दिशा बदलते. बाकीच्या कड्या तशाच राहतात. वाचताना मात्र कडीतील नोंद पुसली जाई. त्यामुळे ती लगेच पुन्हा लिहावी लागे.

वीज गेल्यावर काय होत असे?

चालू गणित थांबे, पण कड्यांचे चुंबकत्व टिकून राही. आजची ‘रॅम’ विद्युतभाराच्या रूपात माहिती ठेवते. वीज तुटली की ती रिकामी होते.

क्षमता किती होती?

टिफ्रॅकमध्ये प्रत्येकी ४० बिटचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे एकूण ८१,९२० बिट, जेमतेम १० केबी. मोबाइलवर मराठीचे एक अक्षरचिन्ह साधारण ३ बाइट घेते. त्या हिशेबाने या लेखानेच टिफ्रॅकची निम्मी मेमरी भरली असती. ४ जीबी रॅमच्या फोनची मेमरी तिच्या चार लाखांहून अधिक पट आहे.

मग ती मागे का पडली?

कड्या ओवणे हे किचकट आणि खर्चिक काम होते. १९७० मध्ये इंटेलची ‘११०३’ ही चिप आली आणि पुढील काही वर्षांत स्वस्त, लहान चिपने कड्यांची जागा घेतली.

आज काय लक्षात ठेवावे?

हार्ड डिस्क आजही चुंबकत्वावर चालते, तर मोबाइलमधील फोटो फ्लॅश चिपमध्ये राहतात. दोन्ही ठिकाणी वीज नसतानाही माहिती टिकते. रॅममधील अर्धवट अर्ज मात्र टिकत नाही. म्हणून अर्ज भरताना प्रत्येक टप्प्यावर ‘सेव्ह’ करणे हाच खरा उपाय आहे.