विम्याचा कागद कपाटात, धोका दारात!

मागील पावसाळ्यात पूनम सागरमधील तळमजल्यावर राहणारे एक निवृत्त कामगार बांधव माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकच्या दोन पिशव्या होत्या. एकीत घराचे कागद, दुसरीत स्कूटरचे. आत पाणी शिरून फ्रीज, कपाट, गाद्या, मुलीची पुस्तके असे सगळे भिजले होते. खाली उभी असलेली स्कूटरही पाण्यात गेली होती. ते म्हणाले, "वकीलसाहेब, दोन्हींचा फुल इन्शुरन्स आहे, आणि दोन्हीकडून नकार आलाय. केस टाका."

मी कागद वाचले. घराचा विमा म्हणून ते जो कागद वीस वर्षे जपत होते, तो घराचा नव्हताच! तो गृहकर्ज घेताना त्यांच्या जिवावर उतरवलेला विमा होता आणि कर्ज फिटले तेव्हाच तो संपला होता. स्कूटरच्या कागदावर पाच वर्षांची मुदत होती, पण ती फक्त थर्ड पार्टीची. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग पहिल्या वर्षातच संपला होता. त्यांना कोणी फसवले होते असे मला म्हणता येईना. दोन्ही नकार कागदाला धरून होते. पण त्यांना कोणी समजावूनही सांगितले नव्हते! हप्ता घेणाऱ्यांनी सांगितले नाही आणि हप्ता भरणाऱ्याने विचारले नाही. आपल्या समाजातील हजारो घरांची हीच स्थिती आहे, म्हणून आजचा हा लेख.

मीरा-भाईंदर ही मिठागरांची आणि खाडीकाठची जमीन. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की पाण्याला जायला वाट नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस मुंबई आणि उपनगरे विसरलेली नाहीत. त्या दिवशी ज्यांचा संसार वाहून गेला त्यातील बहुतेक कष्टकऱ्यांकडे विम्याचा कागद नव्हता. त्यांनी पंचनाम्यासाठी रांगा लावल्या आणि मिळेल त्या मदतीवर समाधान मानले. मदत ही सरकारच्या मर्जीवर असते, विम्याची भरपाई हा कराराने मिळालेला हक्क असतो. हा फरक आपण ओळखला पाहिजे.

बाबासाहेबांनी तो फार आधी ओळखला होता. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा व्यवसाय पूर्णतः राज्याच्या ताब्यात असावा अशी मागणी केली, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे राज्याने सक्तीचे करावे, असेही सुचवले. त्यांचे बोलणे आयुर्विम्याबद्दल होते, घर-गाडीबद्दल नव्हते. पण तत्त्व तेच आहे. संकटाचा भार एकट्या गरिबाच्या डोक्यावर पडू नये, तो सर्वांनी मिळून उचलावा. पुढे १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्या मिळून सर्वसाधारण विम्याच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र पुन्हा खाजगी भांडवलाला खुले झाले. आज बाजारात कंपन्या अनेक आहेत, जाहिराती त्याहून अधिक आहेत. सामान्य माणसाला कायद्याची सक्ती मात्र मुख्यतः एका ठिकाणी भेटते, ती म्हणजे वाहनाचा थर्ड पार्टी विमा. तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळावी म्हणून कायदा तुम्हाला विमा घ्यायला लावतो. तुमचे स्वतःचे घर, स्वतःची गाडी यांचे काय, हे कायदा विचारत नाही. ते आपणच विचारायचे आहे.

आधी घराचे पाहू. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज कोसळणे, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणे, भूस्खलन, दंगल, तोडफोड, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी वा पाईप फुटणे, असे धोके तिच्यात येतात. घराचा विमा घेतला की घरातील सामान विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप धरले जाते. नुकसानीमुळे दुसरीकडे भाड्याने राहावे लागले तर त्याचीही तरतूद आहे.

इथे पहिला गोंधळ रकमेचा होतो. लोक म्हणतात, "साहेब, फ्लॅट साठ लाखांचा आहे, एवढा हप्ता कुठून आणायचा?" अहो, साठ लाखांत जमिनीची किंमत आहे, आणि जमीन जळत नाही! विमा काढायचा तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. समजा कार्पेट क्षेत्र ४५० चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च फुटाला २५०० रुपये धरला, तर रक्कम होते ११ लाख २५ हजार. हप्ता या रकमेवर लागतो, साठ लाखांवर नाही. या हिशेबाने सामानाचे आपोआप संरक्षण २ लाख २५ हजारांपर्यंत येते. भाड्याने राहणाऱ्यालाही फक्त आपल्या सामानाचा विमा घेता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

आता या पॉलिसीतील फटी पाहू. घर बंद करून गावी गेलात आणि कुलूप तोडून चोरी झाली, तर मूळ पॉलिसीत ती बसत नाही! आग, पूर यांसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे चोरी झाली तरच ती धरली जाते. साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दागिने वेगळे लिहून घेतल्याशिवाय येत नाहीत. रोख रक्कम येतच नाही. वरच्या मजल्यावरून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी आणि त्याने फुगलेले प्लास्टर ही झीज धरली जाते, अपघात नव्हे. निकृष्ट बांधकामामुळे किंवा जुनाटपणामुळे खचलेली इमारत विम्यात बसत नाही. प्राधिकरणाच्या आदेशाने पाडलेले बांधकामही बसत नाही.

मीरा रोडमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या अनेक इमारती आज जीर्ण आहेत. त्यातील रहिवाशांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढणे संस्थेवर बंधनकारक आहे. इमारत पंधरा वर्षांहून जुनी झाली की संरचनात्मक तपासणीही करून घ्यावी लागते. किती संस्था हे करतात? येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून विचारा, "आपल्या इमारतीचा विमा कुठे आहे, किती रकमेचा आहे, शेवटचा हप्ता कधी भरला?" सचिवाने कागद दाखवला पाहिजे. आणि बँकेने काढलेल्या विम्यावर विसंबून असाल तर तो घराचा आहे की तुमच्या जिवाचा, हे आजच पाहा. घराचा असला तरी कर्ज बाकी असेपर्यंत त्या पैशावर पहिला हक्क बँकेचा राहतो.

आता वाहनाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. कागदावर ठळक अक्षरात ती मुदत दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. आमच्या त्या कामगार बांधवांची चूक इथेच झाली. म्हणून पॉलिसीवर दोन मुदती असतात, त्या दोन्ही वाचा. जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडला तणाव झाला तेव्हा वाहनांची मोडतोड झाली. दंगलीतील नुकसान स्वतःच्या वाहनाच्या विम्यात बसते, नुसत्या थर्ड पार्टीत एक रुपयाही मिळत नाही.

दुचाकीवर मागे बसणाऱ्याचे काय? फक्त कायद्यापुरता, म्हणजे निव्वळ थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर ती येते. आपल्याकडे मागे कोण बसते? पत्नी, आई, शाळेला निघालेले लेकरू! थोडे पैसे वाचवताना आपण कोणाला उघड्यावर सोडतो याचा विचार करावा. चालक-मालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण त्यासाठी वैध लायसन्स लागते. लायसन्सची मुदत संपलेली असेल तर हप्ता भरूनही हात रिकामेच राहतात.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली की आपण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. पाणी इंजिनात जाते आणि इंजिन निकामी होते. मग कंपनी म्हणते की हे पुराचे नुकसान नाही, तुमच्या कृतीचा परिणाम आहे. यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण घ्यावे लागते. ते नसेल तर पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करू नका, फोटो काढा, ढकलत किंवा टो करून न्या. रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर पन्नास टक्के घसारा कापला जातो, हेही आधीच माहीत असू द्या. खाजगी नंबरच्या गाडीवर भाडे मारत असाल तर स्वतःच्या नुकसानीचा दावा हमखास अडतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्यांना मात्र ६ नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालाने दिलासा मिळाला आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनासाठी वेगळी परवानगी लागत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

ओळखीच्या माणसाकडून स्टॅम्पपेपरवर जुनी दुचाकी घेणे ही तर आपली रीतच झाली आहे. गाडी नावावर होत नाही आणि विमाही जुन्याच नावावर राहतो. कायद्याने थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर पुढे जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की नोंदणीत नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी त्याच्या मागे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. आपली माणसे गाडीत कमी आणि रस्त्यावर जास्त असतात. पायी चालणाऱ्याला वाहनाने ठोकरले आणि चूक कोणाची हे सिद्ध करता आले नाही, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. ठोकरून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळण्याची तरतूद आहे. अपघाताचा दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. दुखवट्यात हे दिवस भराभर निघून जातात, म्हणून वस्तीतील जाणत्या कार्यकर्त्यांनी पुढे होऊन त्या कुटुंबाला सांगावे.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. नकार लेखी मागा, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते, फी लागत नाही, आणि माझ्यासारख्या वकिलाला तिथे उभे राहण्याची परवानगीच नाही! तुम्हीच तुमची बाजू मांडायची. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडेच राहते. गाडीची चोरी झाली असेल तर लगेच पोलिसांत गुन्हा नोंदवा. तो वेळेवर नोंदवला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही, असा २०२० चा तीन न्यायमूर्तींचा निकाल आहे. मात्र कोऱ्या प्रस्तावावर सही करून एजंटच्या हाती देऊ नका. तुमच्या नावाने लिहिलेली खोटी माहिती उद्या तुमच्याच विरोधात वाचली जाते.

त्या कामगार बांधवांची केस मी घेतली नाही. हरणारी केस घेऊन त्यांच्याच पेन्शनमधून फी घेणे मला पटले नाही. त्याऐवजी आम्ही दोघांनी बसून नवे दोन प्रस्ताव ओळन् ओळ वाचले, आणि मग त्यांनी सही केली. घरफोडीचे संरक्षण त्यांनी मागून घेतले, मागे बसणाऱ्यासाठी पॅकेज पॉलिसी घेतली. उठताना ते म्हणाले, "साहेब, वीस वर्षे कागद सांभाळला, पण एकदाही वाचला नाही हो."

जळालेल्या आणि बुडालेल्या घरांसाठी आपण आजवर पुष्कळ वर्गण्या काढल्या. नामांतराच्या काळात मराठवाड्यात आपली घरे जळाली तेव्हा समाजाने पोटाला चिमटा घेऊन मदत केली. ती माणुसकी टिकलीच पाहिजे. पण घामाच्या पैशातून उभे राहिलेले एका खोलीचे घर वर्गणीच्या भरवशावर का ठेवायचे? येत्या रविवारी विहारात, चाळीच्या जिन्यात, सोसायटीच्या कार्यालयात दहा-वीस कुटुंबे आपापल्या पॉलिसी घेऊन बसा. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. कपाटातला कागद या पावसाळ्याआधी बाहेर काढा!