विवाहानंतरची तुळस

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रात आणि गोमंतकात घरोघरी तुळशीची लग्ने लागतात. वृंदावन रंगविले जाते, उसाचा मांडव उभा राहतो, बुंध्याशी चिंचा-आवळे ठेवले जातात आणि अंतरपाट धरून बाळकृष्णाशी तिचा विवाह होतो. या सोहळ्यानंतर घराघरांतील लग्नकार्यांना वाट मोकळी होते. मात्र मांडव उतरला की या नववधूकडे पाहण्यास फारशी कोणास सवड राहत नाही. पौष उजाडेतो तिची पाने गळू लागतात, काड्या करड्या पडतात, आणि अनेक घरी संक्रांतीच्या सुमारास नवे रोप शोधण्याची वेळ येते. वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मनास तेव्हा रुखरुख लागते. सेवेत काही उणे तर पडले नाही ना, काही अशुभाची ही सूचना तर नाही ना, असे त्यांस वाटते.

आम्हांस येथे नम्रपणे सांगावयाचे आहे की, यात अशुभ काही नाही. तुळस ही मुळात उष्ण हवामानात वाढणारी वनस्पती. पारा १० अंशांच्या खाली उतरू लागला की ती कोमेजते. कोकणात थंडी सौम्य असल्याने तिचे बरे चालते. परंतु निफाडसारख्या भागात कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत येतो, तेथे तिला एका रात्रीतही इजा पोहोचते. अशा रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्यावी. वृंदावनातील रोपावर सायंकाळी पातळ सुती कापड घालून सकाळी ते काढावे.

थंडीइतकेच नुकसान पाण्याने होते. उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी घालणे योग्यच. पण थंडीत माती लवकर सुकत नाही. तेवढेच पाणी रोज पडत राहिले तर मुळे कुजतात आणि वरून रोप वाळल्यासारखे दिसते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो! म्हणून बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पळीभर पाणी अर्पण करून नमस्कार करावा. माती कोरडी लागली तरच ऊन आल्यावर पुरेसे पाणी द्यावे. दूध व पंचामृत मुळाशी ओतू नये. त्याने माती आंबते आणि मुंग्या लागतात. बुंध्यापाशी ताम्हण ठेवून त्यात थेंबभर अर्पण केले तरी उपचार पूर्ण होतो. सांजवातही पानांना धग लागणार नाही अशा बेताने वृंदावनाच्या देवळीत किंवा कुंडीपासून हातभर अंतरावर लावावी.

मंजिऱ्यांविषयी पुष्कळांच्या मनात संकोच असतो. त्या खुडल्याने तुळशीला दुखापत होते, अशी समजूत आहे. वस्तुतः मंजिरी बी धरू लागली की झाडाची बरीचशी शक्ती तिकडे जाते व पाने कमी होतात. आपल्या परंपरेत मंजिरी श्रीविष्णूला आणि पंढरीच्या विठ्ठलाला अत्यंत प्रिय मानलेली आहे. तेव्हा द्वादशी व आपल्या घरी पाळले जाणारे इतर वार सोडून, सकाळच्या वेळी कोवळ्या मंजिऱ्या खुडाव्यात आणि देवाला वाहाव्यात. झाडाची निगा आणि देवाची पूजा दोन्ही एकाच हातून घडतात. दोन-तीन मंजिऱ्या मात्र बियांसाठी झाडावर वाळू द्याव्यात.

सूर्य या दिवसांत दक्षिणेकडे कललेला असतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास तो सर्वांत दक्षिणेस जातो. त्यामुळे सदनिकेच्या उत्तरेकडील गॅलरीत तुळशीला ऊन मिळत नाही. अशी कुंडी उत्तरायण स्थिरावेपर्यंत दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या उन्हात हलवावी. पूजेपुरती ती जागेवर आणली तरी चालेल. माती खुरप्याने हलकेच मोकळी करावी. खताची घाई नको; फाल्गुनात नवी पालवी दिसू लागली की चांगले कुजलेले शेणखत ओंजळभर घालावे. पूजेतील निर्माल्य नदीत न सोडता मडक्यात कुजविले तर त्याचेही उत्तम खत होते. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास पाने पाण्याने धुऊन निंबोळी तेलाचे सौम्य पाणी शिंपडावे. तीर्थात पडणाऱ्या पानांवर विषारी औषध कधीही मारू नये.

मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेला लागणारी शेवंतीही याच दिवसांत बहरते, कारण दिवस लहान झाले की तिला कळ्या धरतात. बहर ओसरल्यावर तिच्या काड्या छाटाव्यात. मुळाशी येणारे फुटवे वेगळे करून लावले की पुढील वर्षाची रोपे सिद्ध होतात.

इतके करूनही तुळस गेली, तर खंत करू नये. दोन-तीन वर्षांनी तिचा बुंधा काष्ठवत होतो आणि ती थकते. वारकऱ्यांच्या गळ्यातील माळ याच काष्ठाची असते; म्हणून वाळलेली तुळस इतस्ततः न टाकता श्रद्धेने जपावी. जपून ठेवलेले बी ऊब वाढल्यावर, फाल्गुन-चैत्रात, भुसभुशीत मातीत वरवर पेरावे. जुन्या तुळशीचीच लेक मग वृंदावनात वाढू लागते, आणि पुढील कार्तिकात अंतरपाटामागे तीच वधू म्हणून उभी राहते.