आभाराच्या यादीतून सुटलेली नावे

मेळावा संपला की सर्वांत शेवटी उरतात त्या बिर्याणीच्या देगा. मंडपवाला कनाती सोडत असतो, जनरेटर टेम्पोत चढत असतो, प्रमुख पाहुणे केव्हाच घरी पोहोचलेले असतात आणि नळापाशी दोन-तीन भगिनी ओढण्या कमरेला बांधून देगा घासत बसलेल्या असतात. यंदा आमच्या खाद्यमेळ्यातही तेच झाले. मंचावरून आभार मानून झाले होते, टाळ्याही वाजल्या होत्या. त्या वेळी नळापाशी बसलेल्या एका खालांना आमच्यातल्या एकीने विचारले, "खाला, आपण आभाराला मंडपात नव्हतात?" त्या हसून म्हणाल्या, "बेटा, आवाज येत होता इथपर्यंत."

आवाज पोहोचला होता, पण त्या आवाजात त्यांचे नाव नव्हते. हा लेख त्या चुकीची कबुली आहे आणि उशिरा का होईना, मानलेले आभारही.

आम्ही जळगाव आणि धुळ्यातली काही कुटुंबे. अनाथ आणि गरजू मुलामुलींच्या शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि गणवेश यांसाठी दरवर्षी खाद्यमेळा भरवतो. पदार्थ घरोघरी तयार होतात, भगिनी स्टॉल लावतात आणि विक्रीतून आलेली रक्कम मुलांच्या शिक्षणाला जाते. धुळ्याच्या भगिनी पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने डबे, पातेली सांभाळत येतात. जळगावच्या घरांतून भरीत येते, कळण्याच्या भाकरी येतात, कुणी नानखटाई करते, कुणी शीरखुर्मा. रावेरकडचा एक शेतकरी भाऊ केळीचे घड पाठवतो आणि पैसे विचारले की फोन ठेवून देतो.

यंदाची आमची आभाराची यादी तशी व्यवस्थित होती. मंडपाचा खर्च उचलणारे, तांदूळ आणि तेल देणारे व्यापारी, छपाई फुकट करून देणारे प्रेसवाले, पाण्याचे जार पुरवणारे, मैदान देणारे. प्रत्येकाचे नाव घेतले, कुणाला शाल, कुणाला फूल. हे करायलाच हवे होते. जो माणसांचे उपकार मानत नाही, तो अल्लाहचेही उपकार मानत नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणजे आभार हा केवळ शिष्टाचार नाही, तो दीनचा भाग आहे. ज्याने आपल्यावर उपकार केला त्याची परतफेड करावी, ते जमत नसेल तर फेड झाली असे वाटेपर्यंत त्याच्यासाठी दुआ करत राहावे, असेही हदीसमध्ये सांगितले आहे. आपण सहज म्हणतो ते "जजाकल्लाहु खैरन" ही तीच दुआ आहे. अल्लाह तुम्हाला उत्तम मोबदला देवो, कारण आमच्या हातून तो देणे होणार नाही.

पण यादी करताना आमचे डोळे फक्त पावतीपुस्तकावर होते. ज्याने रुपये दिले त्याची पावती फाटते, म्हणून त्याचे नाव कागदावर राहते. ज्याने रात्र दिली, हात दिले, त्याची पावती कोण फाडणार?

मदीनेतल्या मशिदीत झाडलोट करणाऱ्या एका स्त्रीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती काही दिवस दिसली नाही, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिची चौकशी केली. तिचे निधन झाल्याचे लोकांनी सांगितले. एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याला कशाला त्रास द्यावा, असे जणू त्यांना वाटले होते. मला का कळवले नाही, असे विचारून प्रेषित (स.) तिच्या कबरीवर गेले आणि तिच्यासाठी नमाज अदा केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. गोष्ट आम्हाला पाठ होती, पण देगा घासणाऱ्या खाला आमच्या यादीत नव्हत्या.

म्हणून मेळाव्यानंतरच्या जुम्याला आम्ही पुन्हा बसलो आणि दुसरी यादी केली. या वेळी पावतीपुस्तक बाजूला ठेवले आणि कार्यक्रमाचा दिवस फजरपासून आठवत गेलो. पहाटे कांदे चिरायला कोण होते? धुळ्याच्या भगिनींना बसस्थानकावरून आणणाऱ्या रिक्षावाल्या भाऊंनी भाडे घेतले होते का? नव्हते घेतले. नमाजच्या वेळी स्टॉल कुणी सांभाळले? शेजारच्या पाटील काकूंनी, आणि गल्ल्यातली नाणी नोटांपासून वेगळी करून ठेवली ती वर. चपलांजवळ बसलेली दोन मुले, लहान बाळांना घेऊन बसलेली नववीतली मुलगी, दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान झाडून गेलेले नगरपालिकेचे... नाही, आता महानगरपालिकेचे सफाई कामगार. ही यादी पहिल्या यादीच्या दुप्पट झाली. मग आम्ही दोघे-दोघे मिळून त्यांच्या घरी गेलो. शाल नव्हती, फूल नव्हते. चहा झाला, दुआ झाली. खालांनी एवढेच विचारले, "पुढच्या साली देगा कुठून आणणार? यंदाची एक गळत होती." काम करणाऱ्याला आपले नाव ऐकायची हौस असतेच असे नाही, पण आपले काम कुणीतरी पाहिले हे त्याला कळायला हवे.

आता देणगीदारांविषयी. त्यांचे आभार शालीने फिटत नाहीत, ते हिशेबाने फिटतात. आम्ही दोन वह्या ठेवतो. एकीत प्रायोजकांचे पैसे. मंडप, जनरेटर, छपाई, वाहतूक हा सगळा खर्च त्यातून. दुसरीत जकातीची रक्कम. जकात कुणाला द्यायची ते दिव्य कुरआनने सूरह तौबामध्ये आठ वर्ग सांगून ठरवून दिले आहे, आणि बहुसंख्य आलिमांच्या मते ती हकदाराच्या मालकीत जायला हवी. तिच्यातून कनात बांधता येत नाही, बॅनर छापता येत नाही. म्हणून प्रायोजकाने उचललेला मंडपाचा खर्च हे लहान काम नाही. त्याच्यामुळे जकातीचा एकेक रुपया मुलांपर्यंत पोहोचतो. हे आम्ही त्यांना पत्रात लिहून कळवतो, कारण पुष्कळांना वाटते की आपण नुसता मंडप दिला.

त्या आठ वर्गांत जकात गोळा करणारे कार्यकर्तेही आहेत. म्हणजे त्यांना मेहनताना घेण्याचा हक्क आहे. आपली तरुण मुले तो हक्क सोडून उन्हातान्हात दारोदार फिरतात. त्यांचे आभार मानताना हे सांगितले पाहिजे. मात्र जबाबदारीही तेवढीच मोठी. जकात वसूल करून आलेल्या एका माणसाने, हे तुमचे आणि हे मला भेट म्हणून मिळाले, असे म्हटले तेव्हा प्रेषितांनी (स.) सर्वांसमोर विचारले होते की तो आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ती भेट त्याला मिळाली असती का? लोकांच्या पैशाजवळ बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

व्यवहाराची बाजूही सांभाळावी लागते. संस्था नोंदणीकृत असेल तर दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाकडे द्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यापूर्वी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशमंडळांचे कार्यकर्ते ही परवानगी दरवर्षी काढतात, आपणही काढावी. ८०जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकराची सवलत पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. हे देणगीदाराला आधीच सांगावे, म्हणजे तो चेक देईल किंवा खात्यावर भरेल. पावती वेळेवर पोहोचवणे हेसुद्धा आभारच आहेत.

आभार मानताना एक चूक मात्र अशी होते की तिची भरपाई कठीण असते. काही वर्षांपूर्वी आम्ही देणगीदारांना खूश करण्यासाठी मंचावर वह्यांचे वाटप ठेवले. मुले एकेक वर येत, देणगीदार वह्या देत, फोटो निघत. ते फोटो पुढच्या बॅनरवर छापले. त्यातली एक मुलगी पुढच्या वर्षी आलीच नाही. घरी गेलो तर तिची अम्मी म्हणाली, "ती म्हणते, वह्या नकोत. वर्गातल्या मुली म्हणतात, तुझा फोटो चौकात लागलाय." आम्ही गप्प बसलो. दानानंतर उपकाराची जाणीव करून देऊन आणि मन दुखवून आपले दान वाया घालवू नका, ही सूरह बकरातली ताकीद आम्ही तोपर्यंत देणाऱ्यासाठीच आहे असे समजत होतो. मधल्या माणसांनाही ती लागू आहे, हे त्या मुलीने शिकवले.

तेव्हापासून आमच्याकडे मंचावर वाटप होत नाही. फी थेट शाळेत भरली जाते, वह्या घरी पोहोचतात. मुलांचे फोटो नाहीत. उघडपणे दान दिले तरी ते चांगलेच, पण गुपचूप गरजूंना दिलेले अधिक चांगले, असे कुरआन सांगते. सूरह दहरमध्ये तर अन्नदान करणाऱ्या त्या सज्जनांचे वर्णन आहे, जे मोबदलाही मागत नाहीत आणि आभारही. आमच्या एका प्रायोजकांनी हे ऐकल्यावर आपले नाव बॅनरवरून काढायला लावले. दुसऱ्यांनी सांगितले, नाव राहू द्या, म्हणजे बाजारातले इतरही देतील. आम्ही दोघांचेही ऐकले. नियत अल्लाह जाणतो.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक ठळक उदाहरण आहे. २०२० च्या रमजानमध्ये, कोरोनाच्या ऐन संकटात, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. ईदच्या दिवशी त्याचे लोकार्पण झाले. ईदचे नवे कपडे बाजूला ठेवून कुणी किती दिले, ती यादी आज कुणाला आठवत नसेल. पण त्या खाटेवर झोपलेल्या रुग्णाला कुणी त्याचा धर्म विचारला नाही. देणगीदाराचे याहून मोठे आभार कोणते?

आणि आपल्या खान्देशातले उदाहरण अमळनेरचे. १९४५ मध्ये मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी तिथे शेंगदाण्यापासून वनस्पती तूप बनवणारी कंपनी काढली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी तिचे थोडेथोडके शेअर घेतले. वडिलांच्या निधनानंतर १९६६ मध्ये २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले आणि त्या कंपनीची पुढे विप्रो झाली. २०१९ पर्यंत त्यांनी लोककार्यासाठी बाजूला काढलेल्या संपत्तीचे मूल्य सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये होते, आणि त्यातून प्रामुख्याने शालेय शिक्षणाचे काम चालते. त्यांच्या आई डॉ. गुलबानू प्रेमजी यांनी आयुष्याचा मोठा काळ मुंबईच्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयासाठी वेचला. पोलिओने अधू झालेल्या मुलांसाठी आई झटते आहे, हे घरातल्या मुलाने रोज पाहिले. दानाची सुरुवात तिथे होते.

म्हणून आमच्या मेळाव्यात चपलांजवळ बसलेल्या त्या दोन मुलांचे आभार आम्ही विशेष मानतो. त्यांनी दिवसभर आपल्या आयांना दुसऱ्यांच्या मुलांसाठी राबताना पाहिले. उद्या ती कमावती होतील तेव्हा त्यांना शाल द्यावी लागणार नाही, फक्त मेळाव्याची तारीख कळवावी लागेल.

या लेखात आम्ही कुणाचे नाव छापलेले नाही. ते चुकून नव्हे, आपसांत ठरवून. नावे आम्ही प्रत्यक्ष घरी जाऊन घेतली आहेत. तरीही कुणी राहून गेले असेल तर माफ करा आणि हक्काने सांगा. जळगाव आणि धुळ्याच्या सर्व भगिनी-बंधूंनो, मंडप देणाऱ्यांनो, कांदे चिरणाऱ्यांनो, केळी पाठवून फोन ठेवून देणाऱ्या भाऊ, नाणी वेगळी करणाऱ्या काकू, आणि खाला, तुम्हीसुद्धा: अल्लाह तुम्हा सर्वांना उत्तम मोबदला देवो. ज्या मुलांची फी भरली गेली, त्यांच्या आईवडिलांच्या दुआ तुमच्यापर्यंत पोहोचोत. आमीन.

आणि हो, गळणाऱ्या देगेला कल्हईवाल्याकडे पाठवले आहे. पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, ती घासायला आम्हीही नळापाशी असू.