छपरावरचा शेजारी : उदमांजर आणि त्याचे आप्त

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येक पिढीच्या स्मरणात कौलांवरचा एक आवाज आहे. दिवे मालवून सारे निजले की वर कोणीतरी हलक्या पावलांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई. मोठी मुले त्या आवाजाच्या कहाण्या सांगत आणि लहान मुले पांघरूण डोक्यावरून ओढून घेत. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी कौले परतताना माळ्याच्या कोपऱ्यात त्या आवाजाचा धनी सापडला : एक मादी आणि तिची तीन पिल्ले. खाली गर्दी जमली, काठ्या आल्या, ‘मसण्या ऊद आहे, मारा’ अशी हाक उठली. तेवढ्यात दहावीतील एका मुलीने विचारले, ‘पण त्याने केले आहे काय?’ त्या प्रश्नाने काठ्या खाली आल्या. मात्र त्याचे उत्तर त्या दिवशी आम्हां शिक्षकांनाही नीट देता आले नव्हते. ते उशिरा का होईना, या स्मरणिकेच्या निमित्ताने येथे मांडीत आहोत.

हा प्राणी म्हणजे उदमांजर. सह्याद्रीच्या काही भागांत त्याला कांडेचोर म्हणतात, तर काही भागांत मसण्या ऊद. नावात मांजर असले तरी ते मांजराच्या कुळातील नव्हे. प्राणिशास्त्रात त्याचे कुळ ‘व्हायव्हेरिडी’ या नावाने ओळखले जाते. मांजर, मुंगूस आणि तरस यांच्याशी त्याचे नाते आहे, पण ते दूरचे. लांबट मुस्कट, आखूड पाय, जवळजवळ शरीराइतकीच लांब शेपटी, करडा-काळा खरखरीत अंगरखा आणि डोळ्यांभोवती मुखवट्यासारखा काळा पट्टा ही त्याची ओळख. वजन साधारणतः दोन ते पाच किलो. दिवसा ते झाडाच्या ढोलीत झोपते आणि रात्री एकटेच बाहेर पडते. ढोली असलेली जुनी झाडे कमी झाली, की घराचा अंधारा, कोरडा माळा हीच त्याला ढोली वाटू लागते.

याच कुळातील दुसरा प्राणी आपल्या परिसरात आढळतो, तो जवादी मांजर अथवा कस्तुरी मांजर. उदमांजर झाडावर रमते, तर हे बहुधा जमिनीवर, गवतात आणि झुडपांत वावरते. त्याच्या पाठीवर रेघा, कुशीवर ठिपके आणि शेपटीवर कडी असतात. शेपटीखालच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या सुगंधी द्रव्याला अरबीत ‘झबाद’ म्हणतात. इंग्रजीतील ‘सिव्हेट’ हे नाव त्यावरूनच आले. अत्तरासाठी या द्रव्याला इतकी मागणी होती, की इथियोपियात जवादी मांजराच्या आफ्रिकी भाईबंदांना शतकानुशतके अरुंद पिंजऱ्यांत कोंडून ते खरवडून काढले गेले. पुढे लिओपोल्ड रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञाने त्यातील मुख्य घटकाची रेणुरचना उलगडली. त्यांना १९३९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज तो सुगंध प्रयोगशाळेत तयार करता येतो.

या कुळाचा विस्तार मोठा आहे. ईशान्य भारतातील अरण्यांत बिंटुरोंग राहतो. बासमती तांदळाचा सुवास ज्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य त्याच्या मूत्रात आढळले आहे. अंगावर ठिपके असलेले सडपातळ जेनेट हे प्रामुख्याने आफ्रिकेचे रहिवासी. त्यांतील एक जात स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्समध्येही आढळते. ती माणसांनीच उत्तर आफ्रिकेतून तेथे नेली असावी, असे मानले जाते. पश्चिम घाटात तपकिरी उदमांजर आहे, जे जगात अन्यत्र कोठेही नाही. मलबार जवादी मांजराची कथा मात्र चटका लावणारी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस केरळात त्याची काही कातडी मिळाली. त्यानंतर त्याच्या अस्तित्वाचा खात्रीचा पुरावा हाती आलेला नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. उदमांजर स्मशानात पुरलेली प्रेते उकरून खाते, असा समज खेडोपाडी आहे आणि ‘मसण्या’ हे नाव त्यातूनच पडले. वस्तुतः त्याचे पंजे झाडावर चढण्यासाठी घडलेले आहेत. खोल जमीन उकरण्याचे ते साधन नव्हे. त्याचा मुख्य आहार फळांचा : उंबर, जांभूळ, आंबा, चिकू, भेरली माडाची फळे. जोडीला उंदीर, किडे, गोगलगायी. कधीमधी ते खुराड्यातील कोंबडी नेते आणि माडीच्या मडक्यात तोंड घालते, हे खरे. परंतु हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही.

ती बाजू अशी. उदमांजर फळ बीसकट गिळते. गर पचतो, बी मात्र शाबूत राहते आणि विष्ठेवाटे मूळ झाडापासून दूर जाऊन पडते. मोठ्या बियांची फळे लहान चोचीच्या पक्ष्यांना गिळता येत नाहीत. तेथे उदमांजराचे काम अधिकच मोलाचे ठरते. तमिळनाडूतील कळक्काड-मुंडन्तुरै अरण्यात झालेल्या अभ्यासात तपकिरी उदमांजर पन्नासहून अधिक जातींची फळे खात असल्याचे दिसून आले. म्हणजे ज्याला आपण चोर म्हणतो, तो रात्रभर झाडे लावीत असतो.

चुकीचा ठपका ठेवण्याची ही खोड केवळ आपल्याच गावांची नाही. २००३ साली सार्स रोगाचा विषाणू दक्षिण चीनमधील जिवंत प्राण्यांच्या बाजारात विकायला ठेवलेल्या उदमांजरांमध्ये सापडला. जानेवारी २००४ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात सुमारे दहा हजार उदमांजरे मारण्याचा आदेश निघाला. पुढच्याच वर्षी संशोधकांनी दाखवून दिले, की त्या गटातील विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान वटवाघळे आहेत. नाना अरण्यांतील प्राणी एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत माणसांनीच कोंडले होते. शिक्षा मात्र कोंडलेल्यांना झाली. इंडोनेशियात उदमांजराला ‘लुवाक’ म्हणतात. त्याच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची कॉफी महाग विकली जाऊ लागली, तशी तेथेही स्वच्छंद फिरणारी उदमांजरे पिंजऱ्यांत गेली.

आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्यांना मारणे, पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. परंतु कायद्याहून आधी थोडी माहिती उपयोगी पडते. माळ्यावर पिल्ले आढळल्यास त्यांना हात लावू नये. आई बहुधा जवळच असते आणि धोका वाटल्यास स्वतःच त्यांना दुसरीकडे हलवते. ती गेल्याची खात्री झाल्यावर शिरण्याची वाट जाळीने बंद करावी. कोंबड्यांचे खुराडे रात्री नीट लावावे. प्राणी जखमी असेल तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आम्हीही तसेच केले. तो कोपरा ताडपत्रीने झाकून काही दिवस काम थांबवले. एका रात्री आई पिल्लांना घेऊन निघून गेली. त्यानंतर विज्ञान मंडळाच्या मुलांनी हातमोजे घालून कुंपणाच्या भिंतीवरील विष्ठेतून जांभळाच्या बिया वेचल्या, धुतल्या आणि पिशव्यांत पेरल्या. त्यांतील चार रोपे आज मैदानाच्या कडेला मुलांच्या डोक्यांहून उंच झाली आहेत. माजी विद्यार्थी मेळाव्याला येतील, तेव्हा त्यांनी ती अवश्य पाहावीत. ती लावली कोणी, असे कोणी विचारले तर मुले अजूनही छपराकडे बोट दाखवतात.