डोळे झाकून ओळखू येणारे द्राक्ष

बाटलीवरचे नाव झाकून, नुसत्या घोटावरून लाल वाइनचे द्राक्ष ओळखणे म्हणजे ब्लाइंड टेस्टिंग. यात जाणकारही फसतात. बोर्दो इथल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. नाकाआधी डोळा निकाल देतो. म्हणून खात्रीने ओळखायचे तर रंग लपला तरी टिकेल असा ठसठशीत वास हवा, आणि माझ्या मते भारतात ही अट नाशिकच्या शिराझपेक्षा बेंगलोर ब्लू अधिक चोख पुरी करते. शिराझची खूण म्हणजे काळ्या मिरीचा वास. तो देणारे रोटंडोन थंड हवेत अधिक तयार होते. आपल्याकडे द्राक्षे पिकतात फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. शिवाय सुमारे पाचांतल्या एका माणसाला रोटंडोनचा वासच येत नाही.

कर्नाटकात उत्तरेला विजापूरकडे जावे तर मळे मुख्यतः बेदाण्याचे. बेंगलोर ब्लू पिकते दक्षिणेला, चिक्कबळ्ळापूर-बंगळूर भागात: जाड सालीचे, बियांचे, काळेजांभळे द्राक्ष. मूळ अमेरिकी इझाबेला वाणाचे असल्याने त्याला स्ट्रॉबेरीसारखा, काहीसा उग्र गोड वास असतो. तो देणाऱ्या संयुगांपैकी मिथाइल अँथ्रॅनिलेट मोगऱ्यातही सापडते. कॅबर्ने किंवा शिराझमध्ये हा वास नसतो. काळ्या ग्लासातूनही तो लपणार नाही.

हा वास म्हणजे दोषच, स्वस्त पोर्ट वाइनची खूण, असे पुष्कळांचे म्हणणे. ते मला पटत नाही. फ्रान्सने १९३०च्या दशकात इझाबेलावर बंदी घातली, पण त्यामागे वाइनचे अतिउत्पादन आवरण्याचाही हेतू होता. त्या बाजाराची नावड आपण चवीचा नियम म्हणून उचलली. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: ब्राझीलची इझाबेलाही अशीच वासाची, त्यामुळे ग्लासातून वाण कळते, गाव नव्हे. तरीही समोरच्या वाइन भारतातल्याच आहेत एवढे ठाऊक असले, तर वाण कळताच शोध कर्नाटकाच्या दक्षिण भागावर येऊन ठेपतो. शिराझवरून नाशिक की नंदी टेकड्या, हे इतक्या सहज सांगता येत नाही. म्हणूनच वाइन चाखायला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बेंगलोर ब्लूची साखर न घातलेली वाइन पुढे ठेवावी.